इंग्रजी शिकवायला नागपूरहून थायलंडला

परदेशात इंग्रजी शिकवायची नोकरी शोधायला बसलं की पहिल्याच दिवशी एक अट आडवी येते: 'नेटिव्ह स्पीकर' हवा. माझी मातृभाषा मराठी, तीही घरात वऱ्हाडी वळणाची. शाळा नागपूरच्या महाल भागातली, मराठी माध्यमाची. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि त्याच जूनमध्ये मी पहिलीत गेले. दादाच्या वेळी ते पाचवीपासून होतं. पुढे इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., मग नागपूरच्याच नंदनवन भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग. आता मी ईशान्य थायलंडमध्ये, खोन केन प्रांतातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. इथपर्यंत यायला काय काय लागलं ते लिहिते आहे, कारण नागपूर, वर्धा, अमरावतीच्या बी.एड. झालेल्या मुली मला सतत हेच विचारतात, आणि त्यांच्यापर्यंत पोचलेली माहिती बहुतेक एजंटच्या तोंडून आलेली असते.

सगळ्यात आधी मी एक काम केलं. मिळणारा नकार कायद्यातून येतोय की मालकाच्या सवयीतून, हे देशागणिक तपासलं. कायद्याचा नकार असेल तर तिथे अर्ज करून काही उपयोग नाही. सवयीचा असेल तर कागद आणि चांगला तास यांच्या जोरावर तो मोडता येतो.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. यातल्या दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्रजी बोलणारे लोक दहात एकाच्या आसपास आहेत. म्हणजे तिथे पासपोर्ट पाहिला जातो, भाषा नाही. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक होण्याची वाट ठेवलेली आहे, पण मी पाहिलेल्या जाहिरातींत तेच सात देश लिहिलेले होते. जपानच्या शाळांसाठी लागणाऱ्या 'इन्स्ट्रक्टर' व्हिसाला बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेलं लागतं. मराठी माध्यमवाल्यांनी तिकडे वेळ घालवू नये, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी मात्र जरूर बघावं. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह नऊ देशांच्या शिक्षकांना आपल्या शिक्षक-दर्जासाठी अर्ज करायची मुभा दिली, पण ती गणित, विज्ञान आणि परकीय भाषांच्या शिक्षकांना. व्हिएतनाममध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्याला पदवी, इंग्रजीचं सी-१ म्हणजे प्रगत पातळीचं प्रमाणपत्र आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र, असं तिन्ही मिळून चालतं. थायलंडमध्ये पदवी हवीच, शिवाय इंग्रजीच्या परीक्षेचे गुण लागतात. टोइक या परीक्षेत ९९० पैकी किमान ६०० हा आकडा तिथल्या शाळा धरून चालतात. बी.एड.ला किंमत आहे, कारण शिक्षक परिषदेच्या परवानगीसाठी ती उपयोगी पडते. फिलिपिन्सचे शिक्षक तिथे मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे मातृभाषा इंग्रजी नसलेला शिक्षक शाळांच्या ओळखीचा आहे. मी थायलंड धरलं.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यायले गोरेच मास्तर पाह्यजेत वं. तुले कोन घेईन?" तिला काही पटवायला गेले नाही. तिच्या बोलण्यात तथ्य होतं. बऱ्याच जाहिरातींत अर्जासोबत फोटो मागतात, आणि शिकवणाऱ्याचा फोटो कशाला लागतो याचं सरळ उत्तर एकही शाळा देत नाही. एका मध्यस्थाने मला फोटो 'जरा उजळ करून' पाठवायला सांगितलं. मी आहे तसाच पाठवला. रंगावरून मास्तर निवडणारी शाळा पुढे पगारातही तेच करणार, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आज त्याबद्दल पूर्ण खात्री आहे.

परीक्षेसाठी मी टोइकऐवजी आयईएलटीएस निवडली, कारण थायलंड आणि व्हिएतनाम दोन्हीकडे ती चालते. नागपुरातच दिली. निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरला जातो, तेव्हा बाकीची कागदपत्रं मार्गी लागल्यावरच ती द्यावी. मला ८ बँड मिळाले. एम.ए. झालेल्या माणसाला वाचन आणि ऐकणं जड जात नाही. लेखनाला मात्र सराव लागतो, कारण आपल्याला विद्यापीठात पाच पानं लिहायची सवय लागलेली असते आणि तिथे अडीचशे शब्दांत मुद्दा संपवायचा असतो.

त्यानंतर सेल्टा. हा इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स १२० तासांचा, त्यात सहा तास खरोखरच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि परीक्षक मागे बसून पाहणार. मी ऑनलाइन केला. फी लाखाच्या पुढे गेली. बाबांनी भविष्य निर्वाह निधीतून काढून दिली आणि मी ती अजून फेडते आहे. आठवड्याच्या शेवटी होणारे किंवा नुसते व्हिडिओ पाहून मिळणारे कोर्स पाच-दहा हजारांत मिळतात, पण त्यात कोणी तुमचा तास पाहत नाही, आणि मुलाखत घेणारा नेमकं तेच विचारतो: तुमचा तास कोणी पाहिला आहे का?

बी.एड. झालेल्यांना सेल्टाची भीती वाटायचं कारण नाही. पाठ टाचण, उद्दिष्टं, सराव पाठ, सहकाऱ्यांची निरीक्षणं, हे सगळं आपण केलेलं असतं. फरक पडतो तो बोलण्याच्या वाटपात. आपल्याकडे तासाला चाळीस मिनिटं शिक्षक बोलतो. तिथे मी बोलायला लागले की परीक्षक वहीत वेळ टिपून ठेवायच्या. सूचना तीन छोट्या वाक्यांत द्यायची, मग मुलांना कामाला लावून गप्प राहायचं. मुलांना कळलं का, हे 'समजलं का?' असं विचारून कधीच कळत नाही. त्यासाठी अर्थाला भिडणारे बारके प्रश्न तयार ठेवायचे. ही एक गोष्ट मी नंदनवनच्या वर्गात लगेच वापरायला लागले आणि आठवीच्या मागच्या बाकांवरून उत्तरं यायला लागली.

आता कागदपत्रं. इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून याची सुरुवात सगळ्यात आधी करा. पदवीवर आधी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाची पडताळणी, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन, मग थायलंडच्या वाणिज्य दूतावासाचा शिक्का, असा क्रम. एकमेकांची कागदपत्रं मान्य करण्याच्या हेग कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांसाठी 'अपोस्टिल' या शिक्क्यावर भागतं. माझ्या वेळी थायलंड त्यात नव्हता, म्हणून दूतावासाची पायरी वाढली. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, अधिकृत संस्थांमार्फत घेतं. त्यांचं शुल्क अगदी किरकोळ असतं, आणि मधले लोक त्याच कामाचे हजारो रुपये सांगतात. मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन राज्य सरकारच्या मंत्रालयातलं पडताळणीचं काम स्वतः केलं. संध्याकाळी नागपूरला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, आणि मंत्रालय तिथून लांब नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांना एक गोष्ट खास सांगते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी खाली आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. थायलंडच्या कार्यालयाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र मी नोटरीकडून आधीच करून ठेवलं होतं आणि ते दोन ठिकाणी मागितलं गेलं. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रतही जोडावी. पोलीस पडताळणीचं प्रमाणपत्र पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मिळतं, शुल्क ५०० रुपये.

याच काळात नागपुरातल्या बर्डीवरच्या एका एजंटकडे मैत्रिणीसोबत गेले होते. त्याने दीड लाख मागितले आणि म्हणाला, "भारतीयांना आता थायलंडला व्हिसाच लागत नाही मॅडम, पर्यटक म्हणून जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ." पर्यटक म्हणून जाऊन शिकवणं हा तिथे गुन्हा आहे, वर्क परमिट नसेल तर पकडली जाते ती शिक्षिका. मी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी काढली, त्यात हे नाव नव्हतं. नोंदणीकृत एजंटालाही ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं २०२२ पासून सरकार जाहीरपणे सांगत आलं आहे. मैत्रिणीने अर्जासोबत द्यायला आणलेला पासपोर्ट परत पिशवीत टाकला आणि आम्ही उठलो. मी पुढे सगळे अर्ज थेट शाळांकडे केले.

उत्तरं फार थोड्या शाळांकडून आली. ज्यांनी बोलावलं त्यांनी प्रात्यक्षिक तास मागितला, आणि माझं काम त्या तासाने केलं. खोन केनच्या शाळेने विषय दिला होता भूतकाळातले प्रश्न, आणि झूमवर समोर सातवीची खरी मुलं बसवली. थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, 'काल' म्हटलं की झालं. मराठीत ते बदलतं, पण इंग्रजीतलं 'डिड' आपल्याकडे नाही, म्हणून आपली मुलं 'डिड यू वेन्ट' म्हणतात. भूतकाळ एकदा 'डिड'ने उचलला की क्रियापद मोकळं होतं, हे मी स्वतः सहावीत कितीतरी चुका करून शिकले होते आणि नंतर शेकडो मुलांना शिकवलं होतं. तिथल्या मुलांनी कुठे अडखळावं हे मला आधीच दिसत होतं. फळ्यावर दोन वाक्यं, चार चित्रं, मग मुलांनीच एकमेकांना काल काय खाल्लं ते विचारायचं. मी फार बोलले नाही.

तासानंतर विभागप्रमुख बाईंनी विचारलं, इंग्रजी तुमची पहिली भाषा आहे का? मी म्हटलं, नाही, तिसरी. घरात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकातली मराठी, मग इंग्रजी. त्या हसल्या. ईशान्य थायलंडमध्ये, ज्याला ईसान म्हणतात, मुलं घरी लाओला जवळची बोली बोलतात, शाळेत प्रमाण थाई शिकतात आणि मग इंग्रजीकडे येतात. बाईंचं स्वतःचंही तसंच झालेलं. पुढचा अर्धा तास आम्ही याच विषयावर बोललो: घरची बोली वर्गात आणू द्यायची का, कितपत, आणि प्रमाण भाषेत लाजणारं मूल इंग्रजीत आणखी गप्प का होतं. नागपूरच्या शाळेत हे मी रोज पाहिलं होतं. चार दिवसांनी नेमणुकीचा ईमेल आला.

शाळेने करार, तिची नोंदणी आणि शिक्षण कार्यालयाचं पत्र पाठवलं, त्यावर 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा मिळाला. तो सुरुवातीला ९० दिवसांचा. तिथे पोचून वर्क परमिट झालं की वर्षभराची मुदतवाढ. त्यानंतरही दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरमध्ये. म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे अर्ज करायचे महिने.

पगार २५ हजार बाट. एका बाटचे अडीच ते तीन रुपये धरा. त्याच शाळेत, तेवढेच तास घेणाऱ्या, कुठलीही अध्यापनाची पदवी नसलेल्या ब्रिटिश सहकाऱ्याला माझ्यापेक्षा दहा हजार बाट जास्त मिळतात. तो चांगला माणूस आहे, व्याकरणाचा तास असला की टाचण घेऊन माझ्याकडे येतो. फिलिपिन्सच्या दोघी माझ्याहूनही कमी पगारावर आहेत आणि त्यातली एक बारा वर्षं शिकवते आहे. हे अन्यायाचं आहे आणि मी ते तसंच म्हणते. करार नूतनीकरणाच्या वेळी आम्ही तिघी मिळून मुलांचे निकाल आणि आमची प्रमाणपत्रं जोडून मुख्याध्यापकांना पत्र देणार आहोत. मसुदा तयार आहे, विभागप्रमुख बाईंनी थाईत करून दिला आहे.

शिक्षक परिषदेने मला दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली आहे. ती संपायच्या आत कायम परवान्यासाठी बी.एड.चे कागद मान्य करून घ्यायचे आहेत, त्यासाठी दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका लागतील. त्या साक्षांकनासाठी दादाकडे आहेत, आणि यावेळी विदर्भ एक्स्प्रेस तो पकडणार आहे.