पेशंट लगेच पटला, तर सराव वाया

नर्सिंगचे विद्यार्थी आता व्हीआर हेडसेट (आभासी दृश्य दाखवणारा डोक्यावरचा चष्मा) घालून एआयने बोलणाऱ्या आभासी पेशंटशी संवादाचा सराव करतात. हेडसेट कुठला घ्यायचा यावर बैठका रंगतात, पण सराव कसा होणार हे ठरतं पेशंट कसा लिहिलाय, म्हणजे एआयला त्याच्याबद्दल काय सूचना दिल्यात, त्यावर. एआय मॉडेल मुळातच मदतीला उतावीळ असतं. ‘मावशी, इन्सुलिन का चुकवता?’ असं विचारलं की ते लगेच खरं कारण सांगून मोकळं होतं, वर ‘छान समजावलंत’ म्हणतं. वॉर्डातली मावशी ‘घेते की!’ म्हणते आणि तोंड फिरवते.

म्हणून सूचना लिहिताना माहितीचे तीन थर करा. समजा, ५६ वर्षांच्या मावशी साखर वाढली म्हणून दाखल आहेत. पायाला मुंग्या येतात, हे त्या कुणालाही सांगतील. ‘तुमचा दिवस कसा जातो, जेवणखाण कसं असतं?’ असा मोकळा प्रश्न आला, तरच गुरुवारच्या उपासाला सुई टाळतात हे कळेल. आणि ते ऐकून विद्यार्थिनी रागावली नाही, तरच खरं कारण बाहेर येईल: एकदा उपाशीपोटी सुई घेतल्यावर दरदरून घाम फुटला, हात थरथरले, तेव्हापासून भीती बसलीय. उपदेश सुरू झाला तर मावशींनी काय करायचं, तेही लिहा: एका शब्दात उत्तर, पुढच्या वेळी ‘सुनेलाच विचारा’. वैद्यकीय शब्द त्यांच्या तोंडी नकोत हेही स्पष्ट लिहा, नाहीतर मावशी पाठ्यपुस्तकासारखं बोलू लागतात.

सगळ्यात जास्त घोळ शांततेचा होतो. बोलणं थांबलं की वाक्य संपलं, असं यंत्र धरून चालतं. किती वेळ थांबल्यावर तसं धरायचं, ही मर्यादा अर्ध्या सेकंदाची असेल, तर शब्द शोधणाऱ्या विद्यार्थिनीला पेशंट मध्येच तोडतो. मग मुली भराभर बोलायला शिकतात, आणि रडणाऱ्या माणसासमोर गप्प बसून राहणं हे तर नर्सचं मोठं कौशल्य! मर्यादा दीड-दोन सेकंदांवर न्या, किंवा कंट्रोलरचं बटण दाबून बोलायची सोय ठेवा. पेशंटचं उत्तर दोन-तीन वाक्यांतच बसवा. आवाजाचं अक्षरांत रूपांतर, मॉडेलचं उत्तर, परत आवाज, या तिन्ही टप्प्यांत वेळ जातो. लॅबचा पंखा माईकमध्ये घुमतो, तो बंद करा.

हेडसेटबद्दल थोडक्यात. प्रसंग ८–१० मिनिटांचा, खुर्चीवर बसून. अंबाडा मानेपाशी घ्यायला सांगा, वर बांधला की पट्टा नीट बसत नाही. लेन्सला सॅनिटायझर लावू नका, आवरण खराब होतं; कोरडं मायक्रोफायबर कापड पुरे.

नंतरच्या चर्चेला प्रसंगाच्या दुप्पट वेळ द्या. लिखित संभाषण समोर ठेवा आणि मावशी नेमक्या कुठल्या वाक्यानंतर बंद झाल्या, ते विद्यार्थिनीलाच शोधू द्या. एआयने विद्यार्थिनीला दिलेले गुण अंतिम धरू नका. यंत्राची ऐकण्यात चूक झाली तरी तिचे गुण कापले जातात. क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये डोळ्यांची हालचाल टिपली जात नाही. तिथे ‘नजरभेट’ म्हणून मोजली जाते ती फक्त डोक्याची दिशा.

स्पर्श इथे शिकवता येत नाही. त्यासाठी अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेली पद्धतच बरी: प्रशिक्षित माणूस पेशंट म्हणून खाटेवर, आणि विद्यार्थिनी त्याच्या शेजारी.