बाई, ही मागे बघते!

आमची शाळा परळची, मराठी माध्यमाची. गिरणगावातल्या शाळांचे वर्ग कसे रोडावत गेले ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही. पट टिकवायचा तर इंग्रजीचं काहीतरी करून दाखवावं लागतं. म्हणून संस्थेने चौथीच्या मुलांना केंब्रिजच्या ‘स्टार्टर्स’ या लहान मुलांच्या इंग्रजी परीक्षेला बसवायचं ठरवलं आणि तयारी माझ्या गळ्यात पडली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्यामुळे अक्षरं, शब्द, कविता सगळं मुलांच्या तोंडात होतं. वाचायला दिलं की धडाधडा वाचत. ऐकण्याचा पेपर मात्र वेगळंच प्रकरण निघालं.

पेपर साधारण वीस मिनिटांचा. चार भाग, प्रत्येकात पाच प्रश्न, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा वाजतं. पहिल्या भागात नावापासून चित्रातल्या माणसापर्यंत रेघ ओढायची, दुसऱ्यात नाव किंवा आकडा लिहायचा, तिसऱ्यात तीन चित्रांपैकी एकावर खूण करायची, चौथ्यात सांगतील तो रंग भरायचा. नापास कोणीच होत नाही. प्रत्येक पेपरला एक ते पाच ढाली मिळतात आणि त्या प्रमाणपत्रावर छापून येतात. पालकांना वाटलं, रंग भरायचे म्हणजे काय मोठंसं! पण तिसऱ्या भागात खोच असते. बॉल कुठे आहे असं विचारलं, की बोलणारे आधी खुर्चीचं नाव घेतात, मग पेटीचं, आणि शेवटी म्हणतात, अरे नाही, तो तर पलंगाखाली आहे. आमची मुलं पहिला ओळखीचा शब्द कानावर पडला की खूण करून मोकळी. त्यांचा तरी काय दोष? वर्षानुवर्षं आपणच वर्गात ‘कोण आधी सांगणार?’ असं विचारून ही घाई त्यांच्या अंगी बाणवतो. मी नियम केला, पहिल्यांदा वाजेल तेव्हा पेन्सिल बाकावर आणि हात मांडीवर. सुरुवातीला चुळबुळ झाली, मग जमलं.

दुसरी अडचण आवाजांची. मुलांना माझं इंग्रजी ऐकायची सवय, म्हणजे प्रत्येक अक्षर ठासून म्हटलेलं. ध्वनिमुद्रणातली माणसं अर्धे शब्द गिळतात. थर्टीन की थर्टी, हे सगळ्यांचं हमखास चुकायचं. दुसऱ्या भागात नाव एकेक अक्षर करून सांगतात, तिथे ए, ई आणि आय यांची खिचडी व्हायची. मी गृहपाठच दिला, लोकलने जाल तेव्हा पुढच्या स्टेशनची घोषणा तिन्ही भाषांत होते, त्यातली इंग्रजी घोषणा डोळे मिटून ऐका आणि उद्या मला तशीच्या तशी म्हणून दाखवा. एका पोराने तर गाडी आणि फलाट यांच्यातल्या अंतराची सूचनाही हुबेहूब त्याच सुरात म्हणून दाखवली. श्रावण लागेपर्यंत बहुतेकांची गाडी रुळावर आली.

एकीची येत नव्हती. आणि ती वर्गात इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे होती. पहिल्या बाकावर, माझ्या टेबलासमोर बसायची. श्रुतलेखनात दहापैकी दहा, वाचनात स्पष्ट. पण स्पीकर लावला की तिचा कागद अर्धा कोरा. जे लिहिलेलं असे तेही अंदाजपंचे. तिच्याहून कितीतरी कच्ची मुलं सुधारली, ही जिथल्या तिथे. मला हे कोडंच होतं, कारण हुशार मूल चुकतं तेव्हा चुकांमध्ये काहीतरी सूत्र सापडतं. हिच्या चुकांना सूत्रच नव्हतं.

त्या दिवशी सराव परीक्षा होती. बाहेर धो धो पाऊस, खिडक्या लावून घेतलेल्या, वर पंखा कुरकुरतोय. स्पीकर सुरू केला आणि दोन वाक्यांत त्याने मान टाकली. चार्जिंग संपलं होतं, आणि कॉर्ड ज्या कपाटात होती त्याची किल्ली शिपाईकाकांकडे, आणि शिपाईकाका बँकेत. परीक्षा पुढे ढकलायचं माझ्या जिवावर आलं. ध्वनिमुद्रणातल्या संवादांचा मजकूर पुस्तकाच्या मागे छापलेला असतो. म्हटलं, मीच वाचते, दोन आवाज काढून.

पहिला भाग टेबलाजवळ उभी राहून वाचला. सहज तिच्या कागदावर नजर गेली तर पाचही रेघा बरोबर. माझा आवाज तिच्या ओळखीचा म्हणून असेल, असं वाटलं. दुसऱ्या भागाला मी सवयीने बाकांमधून फिरायला लागले आणि वाचत वाचत मागच्या भिंतीपर्यंत गेले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक जण ओरडला, “बाई, ही मागे बघते! कॉपी करते!”

बघितलं, तर ती खरंच पूर्ण मागे वळून बसली होती. पण कोणाच्या कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डावीकडे सरकले, तिची नजर डावीकडे. मी पुस्तक तोंडासमोर धरून एक वाक्य वाचलं. तिच्या कपाळाला आठी पडली. पुस्तक खाली घेऊन तेच वाक्य वाचलं, तर लगेच वळून तिने आकडा लिहिला.

कॉपीचा आरोप करणाऱ्याला गप्प बसवलं आणि उरलेला पेपर टेबलाजवळून वाचला. मधल्या सुट्टीत तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, म्हटलं, खेळ खेळू या, मी बोलेन ते तू म्हण. हातभर मागे उभी राहून हळू आवाजात मराठी शब्द सांगितले. इंग्रजीचा प्रश्नच नको म्हणून मुद्दाम मराठी. ‘ससा’ला काहीच उत्तर नाही. ‘फणस’ला काहीच नाही. ‘मामा’ला तिने विचारलं, “बाई, सुरू केलं का?”

आपल्या भाषेत अर्धा शब्द ऐकू आला तरी बाकीचा अर्धा मनच भरून काढतं. समोर ओठ असतात, हातवारे असतात, पुढे काय बोलणार याचा अंदाज असतो. परक्या भाषेतला स्पीकर यातलं काहीच देत नाही. तिच्या चुकांमध्ये सूत्र का नव्हतं, ते आता कळलं. ती बरीचशी उत्तरं ऐकून लिहीतच नव्हती. शाळेत दरवर्षी आरोग्य तपासणी होते, वजन, उंची, दात, डोळ्यांचा तक्ता. कानात बॅटरी मारूनही बघतात, पण बाहेरून बघून किती ऐकू येतं ते कसं कळणार?

संध्याकाळी आई आली. ती पोळी-भाजी केंद्रात काम करते, दमलेली होती. आधी तिला वाटलं मी तक्रार करायला बोलावलंय. सांगितल्यावर म्हणाली, “नाही हो बाई, हाक मारली की येते की. टीव्ही तेवढा नाकाशी घेऊन बसते, मी म्हटलं चष्मा लागणार.” मग थोड्या वेळाने, “सर्दी मात्र बारा महिने. तोंड उघडं टाकून झोपते.” आजी सोबत होती. तिचा प्रश्न वेगळाच, “कानाला यंत्र लावतील का? मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी कोण विचारील?” नऊ वर्षांच्या पोरीचं लग्न! पण आजीशी वाद घातला असता तर दोघी उठून गेल्या असत्या. म्हटलं, आजी, बहुतेक यंत्र लागायचंही नाही, आधी तपासून तर घेऊ. त्यांना वांद्रे रेक्लमेशनच्या, वाचा-श्रवणदोषांवर काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेचं नाव सांगितलं, पण घरापासून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून त्या तिथेच कान-नाक-घसा विभागात गेल्या.

दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं होतं. डॉक्टर त्याला ग्लू इअर म्हणतात. लहान मुलांमध्ये हे खूप आढळतं, दुखत नाही, त्यामुळे मूलही सांगत नाही, आणि सर्दी-पडशाबरोबर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे घरच्यांनाही पत्ता लागत नाही. तिच्या श्रवणचाचणीचा आलेख ३५ डेसिबलच्या आसपास होता, म्हणजे त्याहून हळू आवाज तिला ऐकूच यायचे नाहीत. कुजबुज साधारण ३० डेसिबलची असते आणि समोरासमोरचं बोलणं ६० चं. म्हणजे समोर बसून बोललेलं तिला मंद का होईना ऐकू यायचं, पण स, फ, थ ही मुळातच अशक्त व्यंजनं गळून जायची. इंग्रजीत एक मांजर की अनेक, हे ज्या शेवटच्या ‘स’वर ठरतं, तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. बहुतेक मुलांचं पाणी आपोआप ओसरतं, म्हणून तीन महिने थांबायला सांगितलं.

इकडे मी परीक्षा केंद्रात चौकशी केली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी वेगळी सोय मागता येते, ध्वनिमुद्रणाऐवजी समोर बसून माणूस वाचतो आणि परीक्षार्थी ओठ बघू शकतो. मात्र डॉक्टरांचा कागद जोडून बरंच आधी कळवावं लागतं. कागद तयार ठेवला. वर्गात तोपर्यंत मी फिरणं बंद केलं, फळ्याकडे तोंड करून बोलणं बंद केलं. हे दुसरं फार अवघड गेलं, वीस वर्षांची सवय. तिसऱ्या बाकावरच्या त्या आरोप करणाऱ्यालाच तिच्याशेजारी बसवलं आणि मी वळले की बाक वाजवायचं काम त्याला दिलं. त्याने ते इतक्या निष्ठेने केलं की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

पाणी ओसरलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत पडद्यात बारीक नळ्या बसवल्या, ग्रोमेट म्हणतात त्यांना. त्या काही महिन्यांनी आपणच गळून पडतात. सुट्टीनंतर ती शाळेत आली ती कान झाकूनच. पंखा, घंटा, डब्याची झाकणं, सगळंच तिला कर्कश वाटत होतं. आंबेडकर रोडवरचे हॉर्न तर तिने बहुधा पहिल्यांदाच नीट ऐकले. आठवडाभर कुरकुर केली, मग सरावली.

जानेवारीत तिने सगळ्यांसारखा स्पीकरवरच पेपर दिला. ऐकण्यात चार ढाली, वाचन-लेखनात पाच. आजीने प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि कानाचा विषय पुन्हा काढला नाही. मी आता जूनमध्येच प्रत्येक मुलाला खिडकीकडे तोंड करून बसवते आणि मागून हळूच शब्द म्हणते. दोन मिनिटांचं काम आहे. याने निदान होत नाही, पण कोणाला दवाखान्यात पाठवायचं ते कळतं. यंदा एका मुलाला धाडलं, त्याच्या कानात नुसता मळ निघाला.

ती आता पाचवीत आहे. हट्टाने शेवटच्या बाकावर मैत्रिणीजवळ जागा घेतली आहे, आणि तासाला सारखी कुजबुजते अशी तिच्या वर्गशिक्षिकेची तक्रार माझ्याकडे येते. मी म्हणते, बघते हं, आणि काहीच करत नाही.