मशीन थांबलंय, आता कुठलं पान उघडू?

लिनक्स-सीएनसी, म्हणजे पीसीवरून मिलिंग-लेथ मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्याचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी सांगतात, एक म्हणजे फुकट आहे आणि दुसरी म्हणजे डॉक्युमेंटेशन बेकार आहे. पहिली खरी आहे. दुसरी मला पटत नाही. त्रास होतो हे मान्य, पण तो माहिती नाही म्हणून होत नाही, माहिती तर ढिगाने आहे. ज्याला ती हवी असते तो मशीनपाशी उभा असतो आणि माहिती मात्र सॉफ्टवेअरच्या आतल्या भागांप्रमाणे लावून ठेवलेली असते, घोळ आहे तो इथे.

ज्यांचा याच्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनं मिलिंग किंवा लेथ मशीन असतं, लोखंड ठणठणीत, पण मूळ कंट्रोलर मेलेला आणि नवा घ्यायचा तर मशीनच्याच किमतीचा भाव निघतो. मग त्यावर एक पीसी बसवायचा, हे सॉफ्टवेअर टाकायचं, मोटरचे ड्रायव्हर जोडायचे आणि मशीन परत जॉब काढायला लागतं. रेट्रोफिट म्हणतात आपल्याकडे. हे सॉफ्टवेअर मुळात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतलं, 1990 च्या दशकात तिथे ईएमसी म्हणजे एनहान्स्ड मशीन कंट्रोलर नावाने सुरू झालं, नंतर ते लोकांसाठी खुलं झालं आणि स्वयंसेवकांनी पुढे नेलं, आणि 2011 मध्ये ईएमसी नावाच्याच एका स्टोरेजवाल्या कंपनीने ट्रेडमार्कची हरकत घेतल्यावर नाव बदलून लिनक्स-सीएनसी झालं. एवढ्या वर्षांत ज्याने जो भाग बांधला त्याने बहुतेक त्याचंच पान लिहिलं. त्यामुळे होमिंगचं (मशीनने आपली सुरुवातीची जागा शोधणं) पान वेगळं, हॅलचं (आतल्या सिग्नलची जोडणी) वेगळं, आयएनआय फाइलचं (मशीनच्या सेटिंगची फाइल) वेगळं, आणि प्रत्येक पान आपापल्या जागी बरोबर. पण मशीन असं पानापानाने बिघडत नाही ना.

एक उदाहरण नीट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

शिरोलीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधलं स्टेपर मोटरवर, म्हणजे दर पल्सला एक पाऊल फिरणाऱ्या मोटरवर, चालणारं मिलिंग मशीन. एक्स ॲक्सिसचा स्क्रू झिजलेला, डायल लावून बघितलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसतोय. तिथला आयटीआय करून आलेला मुलगा हुशार आहे, त्याने डॉक्युमेंटेशन बघून आयएनआय फाइलमध्ये बॅकलॅशची, म्हणजे त्याच प्लेची, व्हॅल्यू टाकली, म्हणजे उलट दिशेला जाताना सॉफ्टवेअर तेवढं अंतर आपणहून भरून काढेल. इथपर्यंत बरोबर. मशीन चालू केलं, एक्स पुढे गेला, मागे फिरला आणि फिरता क्षणी स्क्रीनवर आलं, जॉइंट झिरो फॉलोइंग एरर. मशीन ऑफ. परत ऑन केलं, परत तेच.

आता या मुलाने काय करावं? त्याने मोबाइलवर तेच शब्द टाकून शोधलं. अर्थ मिळाला, सॉफ्टवेअरने सांगितलेली जागा आणि त्याला कळलेली जागा यात मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला. अगदी बरोबर. मर्यादा कुठे असते तेही मिळालं, फेरर आणि मिन-फेरर नावाच्या दोन सेटिंग, हळू चालताना मर्यादा मिन-फेररच्या जवळपास, वेग वाढला तशी ती वाढत जाते आणि फुल रॅपिडला, म्हणजे सगळ्यात जास्त वेगाला, पूर्ण फेरर. हेही बरोबर. मग साहजिकच सगळ्यांच्या डोक्यात येतं की मोटर अडकत असेल, कपलिंग बघा, गिब (स्लाइडमधली पट्टी) टाइट आहे का बघा, करंट वाढवा. आणि शेवटचा रामबाण म्हणजे फेररची व्हॅल्यूच दणदणीत वाढवून टाका म्हणजे मेसेज येणार नाही.

खरी गोष्ट अशी की साध्या स्टेपरला एन्कोडर नसतोच, मोटर खरंच फिरली की नाही हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्गच नाही. परत येणारी पोझिशन म्हणजे स्टेपजेनने, म्हणजे पल्स सोडणाऱ्या भागाने, स्वतः किती पल्स सोडल्या त्याचा हिशोब. म्हणजे तुम्ही मोटर हाताने धरून अडवली तरी फॉलोइंग एरर येणार नाही, जॉब खराब होईल पण मेसेज येणार नाही. स्टेपर मशीनवर हा मेसेज आला म्हणजे मोटर सोडा, पल्स सोडणाराच मागे पडतोय. आणि तो का मागे पडतोय? बॅकलॅश भरून काढायची हालचाल नेहमीच्या हालचालीवर चढते, तिला जास्तीचं ॲक्सेलरेशन लागतं, त्यामुळे बॅकलॅश टाकला की स्टेपजेनचं मॅक्स-ॲक्सेल हे जॉइंटच्या मॅक्स ॲक्सेलरेशनच्या निदान दीड ते दोनपट ठेवायला हवं. ते वाढवलं, मशीन चालू.

आणि हे वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये आहे! बॅकलॅशच्या नोंदीत लिहिलेलं आहे. पण ज्याला फॉलोइंग एरर आलाय तो बॅकलॅशची नोंद परत कशाला वाचेल, त्याच्या दृष्टीने ते काम कधीच झालेलं होतं. म्हणून म्हणतो, माहिती होती पण वाट नव्हती.

याला उपाय फार मोठा नाही. फॉलोइंग एररच्या नावाने एकच पान हवं आणि त्यात पहिला प्रश्न, स्टेपर की सर्व्हो? स्टेपर असेल तर इकडे या, मोटर बघू नका, आधी स्टेपजेनचं आणि जॉइंटचं ॲक्सेलरेशन बघा, बॅकलॅश टाकलाय का ते बघा. सर्व्हो असेल तर तिकडे जा, तिथे एन्कोडर खरा आहे त्यामुळे गिब, कपलिंग, ट्यूनिंग सगळं बघायला अर्थ आहे. आणि ठळक अक्षरात, फेरर वाढवून मेसेज घालवू नका. बस. त्याखाली बाकीच्या पानांच्या लिंका.

असं लिहिता येतं याचा पुरावा त्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. लेटन्सी टेस्टचा, म्हणजे पीसी वेळेवर काम करतो का ते बघण्याचा, भाग वाचून बघा, मला तो फार आवडतो. टेस्ट चालू ठेवून पीसीवर मुद्दाम लोड टाका, मोठ्या फाइल कॉपी करा, ग्राफिक्स चालवा असं सांगितलंय, आणि मग आलेल्या आकड्याचं काय करायचं तेही सांगितलंय. जिटर, म्हणजे वेळ चुकण्याचं प्रमाण, 15 ते 20 मायक्रोसेकंदाच्या आत असेल तर सॉफ्टवेअरने स्टेप काढायला उत्तम, 30 ते 50 असेल तरी चालेल पण वेग थोडा कमी मिळेल, 100 च्या वर गेला तर त्या पीसीवर सॉफ्टवेअर स्टेपिंगचा नाद सोडा. म्हणजे आकडा, त्याचा अर्थ आणि पुढचा निर्णय, तिन्ही एका जागी. एरर मेसेजही तसाच, रिअलटाइम डिले आला की मेसेजमध्येच लिहून येतं की लेटन्सी टेस्ट चालवा आणि हे सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लोक मॅन्युअल वाचत नाहीत अशी ओरड असते, अहो पण मेसेज तर सगळेच वाचतात, मशीन बंद पडल्यावर दुसरं वाचायला असतं काय समोर.

दुसरी गोष्ट युनिटची. जी-कोडमध्ये (मशीनला हालचाल सांगणारा प्रोग्राम) एफ, म्हणजे फीडचा वेग, मिनिटाला, आयएनआय फाइलमध्ये वेग सेकंदाला. मॅक्स व्हेलॉसिटी 50 लिहिलं म्हणजे मिनिटाला 3000 मिलिमीटर झालं. आयुष्यभर मिनिटाचा फीड वापरलेला माणूस तिथे 3000 लिहिणार, त्यात त्याचं काय चुकलं? मॅन्युअलमध्ये युनिट सांगितलेलं आहे, पण जिथे लिहायचं त्या ओळीशेजारी मिनिटाचा आकडा करून दाखवला तर कुणाला विचारावं लागणार नाही. स्केलचंही, म्हणजे मिलिमीटरला किती स्टेप, तसंच, सूत्र द्या पण एक पूर्ण सोडवलेलं गणितही द्या, 200 स्टेपची मोटर, ड्रायव्हर 10 मायक्रोस्टेपवर, स्क्रू एका फेरीला 5 मिलिमीटर सरकवणारा, म्हणजे मिलिमीटरला 400 स्टेप, आणि सेकंदाला 50 मिलिमीटर पळवायचं तर 20,000 पल्स, आता तुमचा पीसी एवढ्या काढू शकतो का ते बघा. शेवटच्या वाक्यावरूनच लेटन्सीच्या पानाकडे रस्ता जातो.

होमिंगच्या पानाबद्दल तक्रार नाही, उलट तिथल्या आकृत्या चांगल्या आहेत. सर्च (स्विच शोधतानाचा) आणि लॅच (नेमकी जागा पकडतानाचा) या वेगांचं चिन्ह सारखं असेल तर स्विचवरून मागे सरकून परत हळू येऊन स्विच पकडतो, उलट असेल तर स्विच सोडताना पकडतो, हे चित्रात चटकन कळतं. फक्त चुकलं तर मशीन काय करताना दिसेल, हे एका ओळीत हवं होतं.

जुन्या माहितीचा मात्र खरंच वैताग आहे. 2020 मध्ये सॉफ्टवेअरची 2.8 आवृत्ती आली त्यात जॉइंट (मोटरने हलणारा भाग) आणि ॲक्सिस (एक्स, वाय, झेड दिशा) वेगळे केले, हॅलमधल्या कितीतरी पिनांची (सिग्नल जोडायच्या जागा) नावं ॲक्सिसवरून जॉइंट अशी बदलली. पण व्हिडिओ सगळे जुने, लोक ते बघून जुन्या ओळी चिकटवतात आणि पिन सापडत नाही असा एरर आला की सॉफ्टवेअरला शिव्या. मॅन्युअल सुधारता येतं, व्हिडिओ कोण सुधारणार.

आता, ज्यांना हातभार लावायची इच्छा आहे त्यांच्याशी थोडं भांडतो. प्रत्येकाला नवीन गाईड लिहायचं असतं. झिरोपासून शिका टाइप. पाच पानं होतात, स्क्रीनशॉट टाकून होतात, मग घरचं काम येतं आणि ते अर्धवट गाईड तसंच नेटवर पडून राहतं, पुढच्या माणसाला गोंधळात टाकायला. त्यापेक्षा जे पान आहे त्यात दोन वाक्यं घाला. प्रोजेक्टचा सगळा कोड गिटहबवर आहे, त्यातच डॉक्स नावाच्या फोल्डरमध्ये ही पानं साध्या टेक्स्टमध्ये आहेत, ॲस्किडॉक म्हणतात त्या पद्धतीला, नोटपॅडमध्ये लिहिता येणाऱ्या कुणालाही जमेल. ब्राउझरमध्येच एडिट करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, पाठवता येते. प्रोग्रामिंग यायची गरज नाही, उलट ज्याने कालच प्रॉब्लेम सोडवलाय त्यानेच लिहावं, कारण आपण आधी काय समजत होतो हे त्याला अजून आठवत असतं, सहा महिन्यांनी त्यालाही हे सगळं सोपंच वाटायला लागतं. वाक्यं छोटी ठेवा, भाषांतर करणारे लोक तीच वाक्यं एकेक करून उचलतात.

मी फॉलोइंग एररच्या पानाचा कच्चा मसुदा करतोय. स्टेपरची बाजू जवळपास झालीये. सर्व्होसाठी मात्र हॅलस्कोपचे (सिग्नलचा आलेख दाखवणारी खिडकी) फोटो हवेत, एरर येतानाचे, आणि सोबत शेवटी दोष काय निघाला ते एका ओळीत. गिब टाइट होती, टॅकोची (मोटरचा वेग मोजणारा सेन्सर) वायर सुटली होती, काहीही. ज्यांच्याकडे सर्व्होवालं मशीन आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये टाका, फोटो ब्लर असला तरी चालेल, फक्त खालची टाइम स्केल वाचता आली पाहिजे.