बार्शी लाईटच्या डब्यात पाणी मुरलं कुठं?

बार्शी लाईट रेल्वेचा जुना प्रवासी डबा दुरुस्तीला घेतला तेव्हा बहुतेकांचं मत पडलं, 'लाकूड गेलंय, सगळा सांगाडाच नवा करू.' मला ते पटेना. दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या मार्गावरची ही गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली. पुढे पंढरपूर, लातूर, शेवटी मिरज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने नियमच घातला होता की इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. म्हणून तर हलके रूळ पुरले. इतका काटेकोर हिशेब जिथे झाला, तिथे पावसाचा विचार झाला नसेल?

बाहेरचा पत्रा उतरवला त्या दिवशी आमचे मिस्त्री हातोडी घेऊन एकेक खांब वाजवत निघाले. वर खणखणीत आवाज. खिडकीच्या खाली आले आणि आवाज बद्द झाला. पटाशी टेकवली, तर ओल्या भुशात जावी तशी मुठीपर्यंत आत गेली.

"साहेब, हितं पाणी मुरलंय. पण वरनं न्हाई आलेलं."

या डब्याच्या खिडकीची झडप खाली सोडली की भिंतीच्या पोकळीत उतरते. झडपेवरचं पावसाचं पाणीही तिच्यासोबत आत जातं. मी बॅटरी धरली, मिस्त्रींनी तळपट्टी खरवडायला घेतली. रंगाचा थर, लांबी म्हणजे पुट्टी, पुन्हा रंग. त्याखाली करंगळी जाईल एवढं भोक, बाहेरच्या बाजूला उतार देऊन पाडलेलं. पाणी निघून जायला केलेली वाट प्रत्येक रंगकामात थोडीथोडी बुजत गेली होती. पुढच्या खिडकीलाही तेच. त्याच्या पुढच्याही.

वीतभर वर मात्र सागवान शाबूत होतं. कुसू, म्हणजे खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, इतकं घट्ट की हलेना. रंधा फिरवला आणि शेडभर सागाचा वास सुटला. असं लाकूड आज पैसे मोजूनही मिळत नाही, ते भंगारात घालायचं?

सांगाडा तसाच ठेवायचं ठरलं. कुजलेला भाग तेवढा तिरका छाटला आणि पाडलेल्या वाड्यातून आणलेलं जुनं सागवान तिथे सांधलं. नव्या तळपट्टीला भोकं पाडली, जुन्याच मापाची, जुन्याच उताराची. रंगाऱ्यांना आता एकच ताकीद आहे: आधी भोकात खुंटी, मग ब्रश, आणि रंग वाळायच्या आत खुंटी बाहेर.