चौथा चौरस कुठाय?

"चौथा कुठाय?" मी विचारलं. तिच्या आलेख कागदावर तीनच चौरस दिसत होते.

"चारही काढलेत, सर."

त्या तासाला व्हॅन ऑबेलचं १८७८ सालचं प्रमेय घेतलं होतं. कुठलाही चौकोन घ्या, चारही बाजूंवर बाहेरच्या अंगाला चौरस काढा आणि समोरासमोरच्या चौरसांची केंद्रं जोडा. जोडणाऱ्या दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या आणि एकमेकींना काटकोनात निघतात. नुसत्या भूमितीने जायचं तर एकरूप त्रिकोण हुडकत बसावं लागतं. संमिश्र संख्यांना, म्हणजे ३+२आय अशा संख्यांना (३ उजवीकडे, २ वर जाणारा बाण; 'आय'चा वर्ग उणे एक), एकच गोष्ट पुरते: आयने गुणलं की बाण घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश वळतो, उणे आयने गुणलं की घड्याळाच्या दिशेने. म्हणजे चौरसाचं केंद्र हवं तर बाजूच्या मध्यावर उभं राहा, काटकोनात वळा, अर्ध्या बाजूइतकं चाला. (संख्यांना असे बाण मानायची कल्पना कॅस्पर वेसेलने १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे मांडली. तो पेशाने भूमापक. मला याचं मुळीच नवल वाटत नाही.)

बिंदू मी सुचले तसे दिले होते: अ शून्यावर, ब ६ वर, क ८+४आय, ड २+६आय. या क्रमाने घड्याळाच्या उलट फिरलं की बाहेरची बाजू उजव्या हाताला, म्हणून वळण उणे आयचं. केंद्रं आली ३−३आय, ९+आय, ६+८आय आणि −२+४आय. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचा बाण ३+११आय, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचा −११+३आय. पहिल्याला आयने गुणा, दुसरा हातात. फळ्यावरचं काम संपलं होतं, मी बाकांमधून फिरत होतो.

"अगं, तू चौरस आत काढलेस. खोड ते."

तिने खोडरबर उचलला, एक रेघ पुसायला घेतली आणि थांबली. "पण सर, तिसरं आणि चौथं केंद्र एकच येतंय. ४+२आय. दोनदा करून बघितलं."

मला वाटलं, चिन्हाची चूक. नेहमीचंच. तिच्या वहीत मीच करून बघितलं: कड बाजूचा मध्य ५+५आय, त्यातून आय गुणिले ३−आय, म्हणजे १+३आय, वजा केल्यावर ४+२आय. डअ बाजूचंही तेच. गणित बरोबर होतं. मग तो हरवलेला चौरस?

ड पासून अ कडे जाणारा बाण −२−६आय, क कडे जाणारा ६−२आय. पहिल्याला आयने गुणलं आणि मी कपाळाला हात लावला. ड पाशी काटकोन, दोन्ही बाजू सारख्या! म्हणजे त्या दोन बाजूंवर आतल्या अंगाला काढलेले चौरस वेगळे नव्हतेच. एकाच चौरसाच्या त्या शेजारशेजारच्या बाजू होत्या. आकडे माझे, आणि हे माझ्याच लक्षात आलेलं नव्हतं. तिने खरंच चारही काढले होते, चौथा तिसऱ्यावर तंतोतंत बसला होता.

"मग प्रमेय चुकलं का?" मागच्या बाकावरून कोणीतरी.

बाकीची दोन केंद्रं ३+३आय आणि ५+३आय. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत १−आय, दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत −१−आय. आता पहिल्याला उणे आयने गुणल्यावर दुसरा मिळतो. लांबी तीच, काटकोन तोच, फक्त वळण उलटं. सिद्धतेत जिथे जिथे आय होता तिथे उणे आय आणि उणे आय होता तिथे आय घातला, तर एकही ओळ अडत नाही. 'बाहेरच्या अंगाला' ही अट मीच इतकी वर्षं पाठ म्हटल्यासारखी सांगत आलो होतो.

कागदावर त्या दोन छोट्याशा रेघा एकाच बिंदूवर भेटून कोन करत होत्या. मी कोनमापक मागितला.

"कशाला, सर?" ती म्हणाली, आणि अर्धवट पुसलेली रेघ पेनाने पुन्हा काढायला लागली.