चाक बोलायला लागलं की

सोलापूरच्या माणसाचा कान जरा वेगळाच. दिवसभर यंत्रमागांची खडखड चालू असते त्या गल्लीत वाढलेल्या माणसाला त्या आवाजाचं काही वाटत नाही, पण त्यातला एखादा माग चुकीचा वाजायला लागला की तो हातातला घास तसाच ठेवून कान टवकारतो. आमच्या शेजारचे अण्णा त्यातले. अशोक चौकाकडच्या एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून हयात गेली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि यंत्राशी बोलायची वेळ आली की दोन्ही. माझी मोटरसायकल गल्लीत वळताना ऐकली आणि कट्ट्यावर बसल्या बसल्याच म्हणाले, "पुढचं बेरिंग बोलायलंय की तुझं."

बेअरिंग म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी दोन कडी, एकात एक, आणि त्यांच्यामध्ये छर्रे; चाक फिरतं ते यांच्यावर. ते बोलत होतंच. वेग वाढला की वाढणारी घुं-घुं, वेग उतरला की उतरणारी. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली तरी आवाज तसाच येतो, म्हणजे दुखणं इंजिनाचं नाही, चाकाचं. ब्रेकचे लायनर घासत असतील तर चाकाच्या फेऱ्यागणिक एकदा शर्र होतं; बेअरिंग मात्र सलग गुणगुणतं. खात्री करायची तर गाडी डबल स्टँडवर घ्यायची, चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवायचं. आत कट-कट लागलं की संपलं, आता उघडायचंच.

गॅरेजमधलं पोरगं हे काम चहा निवायच्या आत उरकतं, हे मान्य. पण तिथं ते हातोडी कशावर मारतं, हे आपल्याला दिसत नाही, आणि या कामात सगळा प्रश्न तेवढाच आहे. म्हणून घरी. फक्त नळाला पाणी यायचा दिवस टाळावा. त्या दिवशी सोलापुरात कुणाच्याही घरी दुसरं काही होत नाही.

इंजिनाखाली विटा लावून पुढचं चाक अधांतरी करायचं. अ‍ॅक्सलचं, म्हणजे चाकातून आरपार गेलेल्या दांड्याचं, नट सोडवायचं, अ‍ॅक्सल ओढायचा, मीटरची केबल आणि ब्रेकची प्लेट बाजूला करायची. कॉलर कुठल्या बाजूचा, ते तिथल्या तिथं जमिनीवर खडूनं लिहून ठेवायचं. संध्याकाळी आठवत नाही. मग स्क्रू ड्रायव्हरनं ऑइल सील उचकटलं की बेअरिंगचं तोंड दिसतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग, आणि त्या दोघांना ठरलेल्या अंतरावर ठेवणारी एक नळी मधोमध. ही नळी बोटानं जराशी बाजूला सरकते. ती सरकली की पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कड्याची जेमतेम नखाएवढी कड उघडी पडते. अ‍ॅक्सलच्या भोकातून सळई घालून त्या कडेवर ठोकायचं. एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एकाच जागी मारत राहिलं तर ते तिरकं होऊन अडकतं आणि हबची भिंत ओरबाडतं. पहिलं निघेपर्यंत घाम निघतो. नळी बाहेर आली की दुसरं सोपं जातं.

निघालेलं बेअरिंग हातात घेऊन बोटावर फिरवून बघण्यात खरी मजा. बाहेरून चकचकीत, नवं म्हणून खपेल असं. फिरवलं की मात्र ज्वारीच्या भाकरीत कच लागावी तसं बोटाला लागतं. ग्रीस काळंभोर, जागोजागी गंजाची तांबूस छटा. सील एकदा उचललं की पावसाचं पाणी आणि रस्त्याची धूळ आत जाते आणि छर्रे स्वतःच्याच वाटेवर खड्डे पाडत फिरतात. आमच्याकडे धुळीला तोटा नाही. असं काढलेलं बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून परत घालायचा मोह होतो, पण काढताना आतल्या कड्यावर मारलेला प्रत्येक घाव छऱ्यांमधूनच बाहेर गेलेला असतो. ते परत वापरायचं नसतं.

दुकानात जाताना जुनं बेअरिंग खिशात घालून न्यावं, म्हणजे नंबरचा घोळ होत नाही. कडेवर बारीक अक्षरात ६३०१ असतं. पहिला सहा म्हणजे खोल खाचेचं, एका रांगेचं छऱ्यांचं बेअरिंग. तीन म्हणजे बाहेरच्या व्यासाच्या कुठल्या मालिकेतलं. आणि शेवटचं ०१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटरचं. ०० ला १०, ०२ ला १५, ०३ ला १७, एवढं पाठ करायचं. ०४ पासून पुढं सरळ पाचानं गुणायचं. सगळ्या जगात हाच हिशेब. चाकासाठी दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं मागावं. पत्र्याचं झाकणवालं थोडं स्वस्त पडतं, पण पाणी अडवत नाही.

बेअरिंग आणि कापडगिरणी यांचं नातं जुनं आहे, आणि ते कळल्यापासून मला या वस्तूबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते. स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर एका कापड कारखान्यात देखभालीचं काम बघायचा. कारखाना चिकणमातीच्या जमिनीवर. जमीन हलायची, तिच्याबरोबर यंत्रं फिरवणारे लांबलचक दांडे, म्हणजे शाफ्ट, रेषेतून सरकायचे आणि बेअरिंग जळून जायची. वैतागून त्यानं छऱ्यांच्या दोन रांगांचं, शाफ्टबरोबर स्वतःच कलून घेणारं बेअरिंग काढलं. साल १९०७. त्याच वर्षी बेअरिंग बनवणारी एसकेएफ कंपनी उभी राहिली. मोटरसायकलच्या चाकात ते कलणारं बेअरिंग नसतं, हे खरं. पण कापडाचे माग आणि पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन, दोन्ही आमच्याकडे आहेत. अण्णांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. "जमीन हलली की माग हलणारच की," एवढंच म्हणाले.

आता बसवणं. इथं सोलापूरचं ऊन कामाला येतं. हब अ‍ॅल्युमिनियमचं, बेअरिंग पोलादाचं, आणि अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मेमध्ये गच्चीवर दुपारभर ठेवलेल्या चाकाच्या हबला हात लावता येत नाही. त्याच वेळी नवं बेअरिंग पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायचं. (आइस ट्रेशेजारी ते सापडल्यावर घरात जे व्हायचं ते झालं.) हिशेब केला तर एकीकडे फुगून आणि दुसरीकडे आकसून मिळते ती जागा मिलिमीटरच्या शंभर भागांतले जेमतेम चार. केसाच्या निम्म्या जाडीएवढी. पण त्या निम्म्या केसामुळे हातोडीचे अर्धे घाव वाचतात.

उरलेले घाव बाहेरच्या कड्यावरच. आतल्या कड्याला धक्का लागला तर नवं बेअरिंग बसतानाच जायबंदी होतं, आणि ते महिनाभरानं बोलायला लागतं. याला उत्तम हत्यार म्हणजे जुनंच बेअरिंग: बाहेरचा व्यास तोच, नव्याच्या पाठीवर ते उलटं ठेवायचं, वर लाकडाचा ठोकळा, आणि हलक्या हातानं ठोकत जायचं. इथं परत कान लागतो. बेअरिंग सरकत असतं तोवर ठोक्याचा आवाज ठस्स, ठस्स असा येतो. तळाला टेकलं की एकदम टण्ण. तिथं थांबायचं. मग नळी आत टाकायची, ती न विसरता, आणि दुसऱ्या बाजूचं बेअरिंग नळीला टेकेपर्यंतच. अजून एक घाव म्हणून मारलेला घाव दोन्ही बेअरिंगांना आडवं दाबून ठेवतो आणि चाक जड फिरतं. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, टण्ण ऐकलं आणि "बास," म्हणाले. चाक बोटानं फिरवलं, तर आवाज न करता बराच वेळ फिरत राहिलं.

जुनी बेअरिंगं मी कट्ट्यावर ठेवली होती. खालच्या मजल्यावरचं पोरगं ती कधीची न्याहाळत होतं. फळकुटाच्या गाडीला पुढं एक आणि मागं दोन लागतात, हे त्याला पक्कं ठाऊक. दोन्ही खिशात घातली आणि जाता जाता म्हणालं, "काका, मागच्या चाकाची कधी काढणार?"