दागिन्यांचा धंदा सुरू करताना मी अडले ती लाइटबिलावर

ज्यांना दागिन्यांची लहानपणापासून आवड आहे आणि आता त्यातच काहीतरी करावं असं वाटतंय त्यांच्यासाठी लिहितेय, त्यातही सोलापुरात पेठेतल्या जुन्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्या सुनांसाठी. पहिलं काम सांगते. घरातलं लाइटबिल काढा आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. मोती नंतर घ्या, इन्स्टाचं पेज नंतर काढा, दुकानाचं नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा तर सगळ्यात शेवटी करा. लाइटबिल आधी, कारण जीएसटीच्या नोंदणीत जागेचा पुरावा म्हणून मी तिथेच अडले.

माझी आवड म्हणजे लग्नात गेले की नवरीच्या आधी बायकांचे गळे बघायचे. आणि सोलापुरात बघायला मिळतं पण इतकं! आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे एका घरात तन्मणी आणि चिंचपेटी, शेजारी पद्मशाली काकूंच्या गळ्यात पुस्तेलु, म्हणजे तेलुगू मंगळसूत्र, पलीकडच्या लिंगायत आज्जींची चांदीची करडगी, म्हणजे गळ्यातली इष्टलिंगाची डबी, हे सगळं मी हातात घेऊन, उलटं करून, मागची बाजू बघून मोठी झाले. मागची बाजू बघायची सवय मात्र खरंच कामाला आली, कारण दागिना कसा बांधलाय ते मागूनच कळतं.

पुढे बरीच वर्षं टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला नोकरी केली. ती करता करताच सराफ बाजारातल्या एका म्हाताऱ्या पटवेकरी काकांकडे संध्याकाळी बसून दागिने गाठवायला शिकले. काका बोलायचे कमी, दोरा हातात द्यायचे आणि चुकलं की सगळं उसवायला लावायचे. तन्मणीचंच सांगते. मोती आधी ताटलीत घेऊन आकाराप्रमाणे वेगळे करायचे, मग भोकं बघायची, कारण भोक बारीक-मोठं असेल तर मोती ओळीत सरळ बसत नाही, एक वर आणि एक खाली दिसतो. मग रेशमी दोरा दुहेरी घेऊन एकेक सर ओवायचा आणि सगळे सर खोडाच्या, म्हणजे मधल्या पदकाच्या, मागच्या कड्यांत असे घ्यायचे की गळ्यात घातल्यावर खोड मधोमध राहील, तिरकं होणार नाही. हल्ली घाईत नायलॉनची तार वापरतात, ती तुटत नाही हे खरं, पण सर ताठ राहतात, गळ्यावर पडतच नाहीत. मी रेशीमच वापरते आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगते की वापर असेल तर काही वर्षांनी गाठवून घ्यावं लागेल, ते मी करून देईन.

माल कुठून आणते हे सगळ्या जणी विचारतात म्हणून सांगते, मोती हैदराबादहून, चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीतून. तिकडे मोत्याला भोक पाडणारे पिढीजात कारागीर आहेत. बसरा, म्हणजे आखातातल्या महागड्या नैसर्गिक मोत्याच्या नादी सुरुवातीला लागू नका, चांगले कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यांत मुद्दाम वाढवलेले मोती घ्या आणि कल्चर्ड म्हणूनच विका. चांदीचं काम हुपरीच्या एका कारागिराकडून करून घेते, ९२५ ची चांदी, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, त्यावर सोन्याचा मुलामा. ठुशी, वज्रटीक, बुगड्या, तन्मणीचं खोड असं सगळं.

आता कागदपत्रं. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार नंबरावर घरबसल्या होते आणि पूर्ण फुकट आहे, कुणी पैसे मागितले तर ती साइट सरकारी नाही असं समजायचं. शॉप अ‍ॅक्टचंही, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचंही, सोपं आहे, मोजकीच माणसं असतील तर ऑनलाइन फक्त कळवायचं असतं.

आता जीएसटी. मला आधी सगळ्यांनी सांगितलं की ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी लागतच नाही, कशाला भानगडीत पडतेस. पण माझी निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे सोलापूरच्याच मुली, नोकरीला बेंगळुरू आणि हैदराबादला गेलेल्या. त्यांना पार्सल पाठवलं की ते राज्याबाहेर जातं आणि राज्याबाहेर माल विकायचा तर नोंदणी पहिल्या रुपयापासून घ्यावी लागते. मग दुसरे म्हणाले कंपोझिशन घे, म्हणजे जीएसटीतली लहान धंद्यांसाठीची सोपी योजना, १ टक्का भर आणि मोकळी हो. तर कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर विकताच येत नाही! सल्ला देणाऱ्याला तुमची गिऱ्हाइकं कुठे आहेत ते आधी सांगा, नाहीतर सल्ला काही कामाचा नाही.

तर अर्ज भरला. पॅन, आधार, फोटो सगळं बरोबर. धंद्याची जागा म्हणून आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराची पुढची खोली दाखवली. सासऱ्यांचं (आम्ही त्यांना मामा म्हणतो) संमतीपत्र जोडलं, त्यांचं आधार जोडलं आणि लाइटबिल जोडलं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण लाइटबिल आजेसासऱ्यांच्या नावावर. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, पण बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने येतं, आम्ही भरतो, कुणाला कधी काही वाटलंच नाही. घरपट्टीची पावतीही त्यांच्याच नावाची.

नोटीस आली की संमती देणारा माणूस आणि कागदावरचा मालक वेगळा आहे, खुलासा करा. या नोटिशीला कामाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी उत्तरात मृत्यूचा दाखला जोडला, मामा हे त्यांचे चिरंजीव आहेत म्हणून सविस्तर लिहिलं, तरी अर्ज नामंजूर. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ज्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून राहते, ज्या घराचं बिल मी स्वतः फोनवरून भरते, तिथे मी खरंच बसून काम करते हे दाखवायला माझ्याकडे एक कागद नव्हता. आणि हे माझ्या एकटीचं नाही. आपल्याकडे जुन्या घरांचे कागद तीन पिढ्या तसेच पडून असतात आणि घरातली बाई काही करायला उठली की तेव्हाच ते आडवे येतात. पुरुष बाहेर गाळा भाड्याने घेतो, भाडेकरार करतो आणि मोकळा होतो. घरातून धंदा करते ती बाई.

गाळा घे असं मलाही म्हणाले, पण नवी पेठेतलं भाडं आणि वर डिपॉझिट, ते सुरुवातीलाच कुठून आणायचं. मग ठरवलं की लाइटबिलावर मामांचं नाव लावायचं. सिटी सर्व्हेला, म्हणजे शहरातल्या घर-जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, वारस नोंद हा खरा रस्ता, पण त्याला वेळ लागतो. बिलावरचं नाव त्यामानाने लवकर बदलतं, अर्ज ऑनलाइन होतो. पण त्याला बाकीच्या वारसांची संमती हवी. वारस म्हणजे पुण्याचे चुलत सासरे आणि लातूरच्या आत्या, मामांची मोठी बहीण.

पुण्याच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कागद मागवला आणि सही करून कुरिअर केला. लातूरच्या आत्यांचा फोन मात्र असा आला, "नाव बदलूलालाव म्हणे घराचं? मला न विचारता?" मी समजावलं की घराचं नाही, फक्त बिलाचं. तर म्हणाल्या, "आज बिलाचं, उद्या घराचं." पुढे फोन उचलेनात. मामा म्हणाले राहू दे, बहिणीशी वाकडं नको. यांनीही हात टेकले. आणि मी तयार केलेल्या ठुश्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलेल्या, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जवळ आलेली, संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बायका ऑर्डरचं विचारत होत्या आणि मी "थांबा, थांबा" करत होते.

शेवटी मी एकटीच लातूरला गेले. आत्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांना तोंडी काही चालत नाही हे मला माहीत होतं, म्हणून कागद घरूनच लिहून नेला. त्यात पहिलंच वाक्य असं घातलं की हा नावबदल फक्त वीजबिलापुरता आहे, यामुळे घराच्या मालकीत कुणाचाही हक्क कमी किंवा जास्त होत नाही, आत्यांचा हिस्सा आहे तसा राहील, आणि खाली मामांची सही आधीच घेतली. कायद्यानेही तसंच आहे, लाइटबिलावर नाव लागलं म्हणून कुणी मालक होत नाही. आत्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक पेनाने सुधारली, एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली आणि सही केली. मला त्यांचा राग नाही आला. बाईने आपल्या हिश्शाबद्दल लेखी मागितलं यात चूक काय आहे? उलट तुम्हाला कुणाची संमती हवी असेल तर हे वाक्य आधीच लिहून न्या, म्हणजे संशयाला जागाच राहत नाही.

पुढच्या बिलावर मामांचं नाव आलं. ते बिल हातात घेतलं तेव्हा खरंच जीव भांड्यात पडला, मी त्याचा फोटो काढून पुण्याला आणि लातूरला दोन्हीकडे पाठवला. नवा अर्ज, नवं बिल, मामांचं संमतीपत्र, त्यांचं आधार. यावेळी एकही प्रश्न न येता जीएसटी नंबर मिळाला. संमतीपत्र साध्या कागदावर दिलं होतं, चाललं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने त्यांच्या अधिकाऱ्यांना सूचना दिलीय की यादीबाहेरचे कागद उगाच मागू नका, ती एकदा वाचून ठेवा, नोटिशीला उत्तर लिहिताना बळ येतं. नोंदणीची सरकारी फी शून्य आहे.

नंबर मिळाल्यावर दारावर नावाची पाटी लावा आणि त्यावर जीएसटी नंबर लिहा, ते बंधनकारक आहे. विक्री झाली नाही तरी रिटर्न भरावंच लागतं, नाहीतर शून्य रिटर्नलाही रोज २० रुपये लेट फी चढत जाते. दागिन्यांवर ३ टक्के जीएसटी, चांदीचे असोत की इमिटेशन. चांदी घेताना पक्कं बिल घ्या, त्यातला जीएसटी वजा मिळतो.

हॉलमार्कचं राहिलंच. सोन्याला सक्तीचं आहे, १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडी नंबराशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, फक्त लहान उलाढालीच्या सराफांना सूट आहे. चांदीला अजून ऐच्छिक आहे. तरी मी जड दागिन्यांना करून घेते, कारण गिऱ्हाईक बीआयएस केअर अ‍ॅपवर नंबर टाकून स्वतः बघू शकतं आणि मग भावावर वाद होत नाही.

आणि वजनकाटा. वजनावर विकणार असाल तर काट्याला वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का लागतो आणि इलेक्ट्रॉनिक काट्याचा तो दर वर्षी करून घ्यावा लागतो, हे मला पटवेकरी काकांनी सांगितलं, कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.